वरातीतला बेंजो जपानी आहे का? जुना विकत घेण्याआधी हे वाचा

डहाणू-तलासरीकडची लग्नाची वरात तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल. गाडीवर स्पीकर, मागे-पुढे नाचणारी मंडळी आणि सगळ्या गोंगाटावर चढणारा एक सणसणीत सूर. कमेंटमध्ये कुणी त्याला गिटार म्हणतं, कुणी कीबोर्ड. तो असतो बेंजो.

नाव अमेरिकन बँजोसारखं असलं तरी दोघांचं काही नातं नाही. अमेरिकन बँजोला डफासारखं गोल, कातडं ताणलेलं अंग असतं. आपला बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, वर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबलं की खालची पट्टी तारेवर टेकते आणि सूर बदलतो. उजव्या हातातल्या पत्तीनं तार छेडायची. पडदे शोधत बसावं लागत नाही, त्यामुळे गाणं लवकर हाताला बसतं.

हे वाद्य जन्मलं जपानमधल्या नागोयात. १९१२ मध्ये मोरिता गोरो यांनी ते बनवलं. तेव्हा जपानमध्ये तायशो राजवट नुकतीच सुरू झाली होती आणि 'कोतो' हे तिथलं जुनं तंतुवाद्य, म्हणून नाव पडलं 'तायशोगोतो'. पुढे ते भारतात आलं आणि 'बुलबुल तरंग' झालं. घराघरात मुलांना शिकवायला घेतलं जाणारं हे नाजूक वाद्य महाराष्ट्रातल्या मिरवणुकांत मात्र पार बदललं. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, तो याच वाद्यावर.

बदल घडला पिकअपमुळे. लोहचुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. वरची पोलादी तार थरथरली की त्यात अगदी थोडी वीज तयार होते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. इलेक्ट्रिक गिटार याच तत्त्वावर चालते, त्यामुळे गिटार म्हणणारे अगदीच चुकत नाहीत.

या भागाचं स्वतःचं वाद्य तारपा. वाळलेला दुध्या भोपळा, बांबू, मेण आणि ताडाचं पान यांतून तो बनतो. डहाणू तालुक्यातले चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे तारप्याभोवतीचा नाच जगानं पाहिला. तारप्याला वीज लागत नाही, पण डीजेसमोर तो ऐकूही येत नाही. बेंजो तिथं टिकतो.

आता विक्रीच्या पोस्टबद्दल. 'व्हिंटेज, मेड इन जपान' वाचून भुलू नका. हा दबदबा गिटारचा आहे. १९७० च्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन गिटारच्या इतक्या हुबेहूब प्रती काढत होते की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर खटला भरला. त्या काळातल्या गिटारना आज शौकीन चांगली किंमत देतात. बेंजोला हा हिशोब लागू नाही. खरा जुना तायशोगोतो घरात वाजवायला गोड, पण पिकअप नसेल तर वरातीत निरुपयोगी.

वरातीसाठी घ्यायचा असेल तर अँपला जोडूनच पाहा. प्रत्येक बटण दाबा. खालचे सूर बरोबर आणि वरचे बेसूर लागले तर घोडी सरकलेली असू शकते; ती जागेवर आणता येते. वायर हलवल्यावर खरखर आली तर बहुधा सॉकेट किंवा सोल्डरिंग सैल असतं, तेही दुरुस्त होतं. तारा गंजल्या असतील तर फार मनावर घेऊ नका, समुद्रकाठी ते व्हायचंच. नव्या घालताना पोलादीच घाला, पितळी तारेचा आवाज पिकअप नीट उचलत नाही. पेटीच वाकली असेल तर मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.