सराफ्यातील मका आणि खानखोजे यांची स्पॅनिश

इंदूरच्या सराफ्याची दोन रूपे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढतात. या दोन्ही रूपांचा धागा स्पॅनिश अमेरिकेपर्यंत जातो. सोळाव्या ते अठराव्या शतकांत हिंदुस्थानात आलेल्या चांदीचा मोठा वाटा तेथील खाणींतला होता. स्पॅनिश रिआल सुरतेस उतरत आणि टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये पडत. मका तर मूळचा मेक्सिकोचाच. कोलंबसाच्या सफरींनंतर तो इकडे पोहोचला.

चांदी आली, मका आला. त्यांच्याबरोबर स्पॅनिश भाषा मात्र आपल्याकडे आली नाही. तिच्यापर्यंत पोहोचलेल्या मोजक्या मराठी माणसांत डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे स्थान वरचे आहे. वर्ध्यात जन्मलेला हा क्रांतिकारक तरुणपणी देशाबाहेर पडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला आणि गदर चळवळीच्या उभारणीत सहभागी झाला. इंग्रज सरकारच्या रोषामुळे मायदेशाची वाट बंद होती. १९२४ साली ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले.

तेथे अध्यापनाची भाषा स्पॅनिश होती. क्रांतीनंतर जमीनवाटपाच्या खटपटीत असलेल्या त्या देशात शेतकऱ्याशी बोलता येणे हे प्राध्यापकाच्या विद्वत्तेइतकेच मोलाचे होते. खानखोज्यांनी मक्याच्या सुधारित जातींवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. ज्या भूमीने जगाला मका दिला, त्याच भूमीच्या शेतकऱ्यांना त्यांच्याच भाषेत मक्याविषयी चार नव्या गोष्टी सांगण्याचा मान एका वैदर्भीयाला मिळाला. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात निवर्तले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, हे आपले भाग्य. तरीही त्यांच्या आयुष्याची ऐन कर्तृत्वाची वर्षे स्पॅनिश कागदपत्रांत आहेत. ते कागद मुळातून वाचणारा मराठी अभ्यासक तयार झाला नाही, तर आपल्याच माणसाची ओळख आपल्याला कायम दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागेल.

आज दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश भाषा, साहित्य आणि संस्कृती यांचा पदवीपासून संशोधनापर्यंत अभ्यास होतो. आपल्या घरांतील एखादी नात हा विषय घेऊ म्हणाली, तर ‘त्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न वडीलधारे हमखास विचारतात. नोकरीच्या अंगाने त्याला उत्तरे पुष्कळ आहेत. इतिहासाच्या अंगाने मात्र एकच पुरेसे आहे. होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या पूर्वजांनी उंबऱ्याच्या आत मराठी जपली आणि उंबऱ्याबाहेर माळवी आपलीशी केली. दुसरी भाषा शिकल्याने पहिली उणावत नाही, याचा पुरावा म्हणजे आपण स्वतःच आहोत. खानखोज्यांनी तोच उंबरा जरा दूरवर नेला.