छत्तीस फुटांचं मैदान

टेंभुर्णी म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला सोलापूरची टेंभुर्णी आठवते, माढा तालुक्यातली, पुणे-सोलापूर हायवेवरची. आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. 2016च्या ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकला प्रार्थना ठोंबरे सानिया मिर्झाच्या जोडीनं महिला दुहेरी खेळली, तेव्हा पुण्याच्या एका पाहुण्यांनी मला फोन करून अभिनंदन केलं. "तुमच्या शेजारच्याच गावची ना हो पोरगी?" पोरगी बार्शीची. त्या टेंभुर्णीहून कुर्डुवाडीमार्गे बार्शी गाठता येते. आमच्याकडून निघालं तर अर्धा मराठवाडा ओलांडावा लागतो. तरी अभिनंदन मी ठेवून घेतलं. उभी नोकरी पोरींना खो-खो आणि कबड्डी शिकवण्यात गेलेल्या क्रीडाशिक्षिकेला असं आयतं अभिनंदन वरचेवर मिळत नाही.

तेव्हापासून पेपरात महिला दुहेरीचा निकाल शोधायची सवय लागली. तो असतो कुठे, तर एकेरीची बातमी संपली की शेवटच्या ओळीत, 'दरम्यान, महिला दुहेरीत' अशा सुरुवातीचा. ही वागणूक आजची नाही. विम्बल्डनला बायकांची एकेरी आणि पुरुषांची दुहेरी दोन्ही 1884 साली सुरू झाल्या. बायकांच्या दुहेरीला अधिकृत अजिंक्यपद मिळायला 1913 उजाडावं लागलं. एकोणतीस वर्षं! त्या पहिल्या अंतिम सामन्याची गोष्ट मी पोरींना नेहमी सांगायचे. डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स आणि शार्लट स्टेरी ही नावाजलेली जोडी पहिला सेट जिंकून दुसऱ्यात 4-2 अशी पुढे होती. तेवढ्यात स्टेरीबाईंना दुखापत झाली. सामना सोडावा लागला आणि मागे पडलेल्या विनिफ्रेड मॅकनेअर आणि डोरा बूथबी विजेत्या ठरल्या. चेंबर्सबाई धडधाकट होत्या, पण त्याचा उपयोग काय? दुहेरीत एकीचा पाय गेला की दोघींचा सामना जातो.

आपल्याकडच्या बायका या खेळात कधी आल्या, हे सांगताना मला थोडी वाकडी वाट घ्यावी लागेल. आमच्या भागात ज्या घरात माळकरी, त्या घरात तुकोबांची गाथा. 1869 साली सरकारी मदतीनं जी गाथा इंदुप्रकाशनं छापायला घेतली, तिच्या संपादनावर देखरेख होती शंकर पांडुरंग पंडितांची. त्यांची मुलगी पंडिता क्षमाबाई राव. गांधीजींच्या लढ्यावर 'सत्याग्रहगीता' हे संस्कृत काव्य लिहिणाऱ्या या बाई टेनिसही खेळत. आणि क्षमाबाईंची मुलगी लीला राव 1934 साली विम्बल्डनला उतरली, ग्लॅडिस साउथवेल या ब्रिटिश खेळाडूला तीन सेटमध्ये हरवून पुढच्या फेरीत गेली. विम्बल्डनला सामना जिंकणारी ती पहिली भारतीय बाई. गाथेच्या संपादनावर देखरेख करणाऱ्याची नात! आमच्या भजनी मंडळातल्या एका आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, तुकोबाचं कुठं कुठं पोचतंय बघा."

त्यानंतर बराच काळ आपल्या बायका देशातल्या स्पर्धा जिंकत राहिल्या आणि परदेशात फारशा दिसल्या नाहीत. सराव महाग, प्रवास त्याहून महाग. कोंडी फुटली ती दुहेरीतून, हे माझं म्हणणं आहे. सानिया मिर्झानं डब्ल्यूटीएचं, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक दौऱ्यावरचं, पहिलं विजेतेपद 2004 साली हैदराबादला मिळवलं, ते लीझेल ह्यूबरसोबत दुहेरीतच. 2015 साली मार्टिना हिंगिससोबत ती विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली आणि त्याच वर्षी दुहेरीच्या क्रमवारीत जगात पहिली झाली. जन्म मुंबईचा, वाढली हैदराबादेत. मराठवाड्याच्या जुन्या माणसांना हैदराबाद परकं वाटत नाही. 1956पर्यंत आमचा कारभार त्याच राज्यातून चालत होता.

प्रार्थनाही बार्शी सोडून सरावासाठी हैदराबादला, सानियाच्या अकादमीत गेली. 2014च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत दोघींनी मिळून कांस्यपदक आणलं. रिओत मात्र पहिल्याच फेरीत चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई समोर आल्या. पहिला सेट टायब्रेकरमध्ये गेला, दुसरा आपल्या पोरींनी 7-5 असा ओढून आणला, तिसरा 5-7 असा गेला. एका बाजूला जगातली अव्वल खेळाडू, दुसरीकडे क्रमवारीत कितीतरी खाली असलेली बार्शीची पोरगी. अशा जोडीत समोरचे चेंडू कुणाकडे मारतात हे सांगायला नको. मारा सगळा कच्च्या बाजूला. तो झेलत तिनं तिसऱ्या सेटच्या शेवटापर्यंत सामना नेला. पेपरांनी लिहिलं, 'सानिया पराभूत'.

हा खेळ पोरींना दाखवावा म्हणून आम्ही शाळेच्या मैदानावर एकदा कोर्ट आखलं. दोरी, खुंटी आणि फक्की. लांबी 78 फूट, एकेरीची रुंदी 27, आणि दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या धरून दुहेरीची 36. जाळीला व्हॉलीबॉलचं नेट खाली ओढून बांधलं; ते मीटरभर रुंद असतं, टेनिसची जाळी मध्यभागी तीन फूट, म्हणजे जवळपास जमतं. पोरींना मारापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीनं भुरळ घातली. सर्व्हिसच्या आधी जाळीजवळची खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करते. मूठ म्हणजे जागेवर थांबणार, उघडा पंजा म्हणजे पलीकडे धावणार. दरेक जोडीच्या खुणा आपापल्या. मागचीनं ते पाहून सर्व्हिस कुठे टाकायची ते ठरवायचं, आणि पुढचीनं मान न वळवता ती तिथेच पडणार असं धरून चालायचं. खो-खोत पाठीत 'खो' बसल्यावर उठणाऱ्या पोरींना हे समजावून सांगावं लागलं नाही. आठवीतली एक म्हणाली, "मॅडम, हे तर आपलंच हाय." एकेरी मी त्यांना कधी इतक्या पटकन शिकवू शकले नसते.

मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमला लागून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची टेनिस कोर्टं आहेत. तिथे 2017 आणि 2018 साली बायकांची व्यावसायिक स्पर्धा झाली. पहिल्या वर्षी जिंकली ती एकोणीस वर्षांची आर्यना साबालेन्का. पुढे ती जगात पहिली झाली. मग खंड पडला आणि 2024च्या फेब्रुवारीत स्पर्धा परत आली, एकूण बक्षिसं 1,15,000 डॉलरची. महिला दुहेरीच्या अंतिम फेरीत प्रार्थना होती, नेदरलँड्सच्या अरियान हार्टोनोसोबत. दालिला याकुपोविच आणि सब्रिना सँतामारिया यांनी त्यांना सरळ सेटमध्ये हरवलं. स्पर्धा संपल्यावरचे अंक मी चाळले. एकेरीच्या विजेतीचा फोटो होता. घरच्या मैदानावर अंतिम फेरी गाठलेल्या मराठी मुलीच्या वाट्याला दोन ओळी.

पैशांचंही तसंच. दुहेरीच्या विजेत्या जोडीला एकेरीच्या विजेतीपेक्षा बरंच कमी मिळतं आणि तेही दोघींत वाटायचं. त्यात विमान, हॉटेल, फिजिओ. वरून दौऱ्यावरच्या दुहेरीत तिसरा सेटच काढून टाकलाय; एक-एक झालं की दहा गुणांचा टायब्रेक. टीव्हीच्या सोयीसाठी केलेली ही कापाकापी मला पटत नाही. रिओतला तो तिसरा सेट दहा गुणांत उरकला असता तर बार्शीच्या पोरीची चिकाटी कुणाला दिसली असती?

श्रीरामपूरची ऋतुजा भोसले 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. बार्शी काय, श्रीरामपूर काय, ही आमच्यासारखीच तालुक्याची गावं. म्हणून क्रीडा पानांच्या संपादकांना एवढीच विनंती आहे: महिला दुहेरीची बातमी दोनच ओळींची द्यायची असेल तर द्या, पण तिच्यात चौघींची पूर्ण नावं छापा, आणि पोरगी आपल्याकडची असेल तर कंसात तिचं गावही.