कोपराचा वांक

ज्याचा उपद्रव नको त्याला आपण कोपरापासून हात जोडतों, आणि भिडस्त माणसाला लोक कोपरानें खणतात. मराठी वाक्प्रचारांत कोपराची कामगिरी एवढीच. शरीरांत ती पुष्कळच मोठी आहे. तळहात पुढें करून हात सरळ खालीं सोडला तर मनगट दंडाच्या रेषेंत न राहतां किंचित् बाहेर झुकतें, हें कोणासही आरशापुढें उभें राहून पाहतां येईल. हा कोन बहुधा ५ ते १५ अंशांचा असतो, आणि स्त्रियांच्या हातीं थोडा अधिक.

पांच-सात वर्षांचें मूल झाडावरून किंवा जिन्यावरून हात टेकून पडतें, दंडाचें हाड कोपराच्या अगदीं वर मोडतें, आणि खालचा तुकडा आंत कलून तसाच जुळला तर हा कोन उलट बाजूस जातो. हात बंदुकीच्या दस्त्यासारखा दिसूं लागतो. नमस्कार करतांना हें व्यंग लपतें. कवायतींत हात ताठ केले कीं उघडें पडतें. अशा मुलाच्या आईबापांस दोन दिलासे फार दिवस मिळत आले: मूल वाढेल तसा हात सरळ होईल, आणि नाहींच झाला तरी प्रश्न नुसत्या दिसण्याचा आहे. या दोन दिलाशांचें पुढें काय झालें, तोच आमच्या मतें या शस्त्रक्रियेचा खरा इतिहास होय.

वांकडें जुळलेलें हाड पुन्हां मोडून बसवावें, हा विचार आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, लांब हाड विषम जुळल्यास तें फिरून मोडावें व ताज्या अस्थिभंगाप्रमाणें उपचार करावे, असें सांगितलें आहे. तेथेंच, बंध सैल झाल्यास सांधा स्थिर होत नाहीं व फार आवळल्यास सूज, वेदना आणि पाक होतो, असा इशाराही आहे. हा इशारा प्रत्येक हाडवैद्यानें पाठ करावा, असें आम्हांस वाटतें. कारण रक्तप्रवाह अडला कीं मुलाचा पंजा जन्माचा आंखडतो, हें जर्मन शस्त्रवैद्य फोल्कमान यानें १८८१ सालीं अशा आवळलेल्या बंधांच्या संबंधांतच दाखविलें.

युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सडलेल्या कोपरावर बहुधा हात तोडणें हाच उपाय असे. केवळ रोगी सांधा कापून हात वांचवितां येतो, याचा एडिंबरोच्या जेम्स साइम यानें १८३१ च्या आपल्या ग्रंथांत जोरानें पुरस्कार केला. परंतु रोगी सांधा काढणें निराळें, आणि निरोगी हाड मुद्दाम कापणें निराळें. तें धाडस फिलाडेल्फियाच्या जॉन ऱ्ही बार्टन यानें केलें. १८२६ सालीं त्यानें खुबा ताठरलेल्या एका खलाशाचें मांडीचें हाड करवतीनें कापलें. १८३५ सालीं दुसऱ्या एका रोग्याच्या गुडघ्यावरील हाडांतून पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून वांकलेला पाय सरळ केला. ईथर व क्लोरोफॉर्म यांचा काळ अजून यावयाचा होता. रोगी जागा होता, हें वाचकांनीं विसरूं नये. पुढें लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीचा आधार मिळाल्यावर ग्लासगोच्या विल्यम मॅक्यूअन यानें मुडदुसानें गुडघे आंत वळलेल्या मुलांचीं हाडें छिन्नीनें कापून सरळ केलीं, व १८८० सालीं त्यावर ग्रंथ लिहिला.

कोपराची पाळी उशिरां आली. कोपर बाहेर वांकलें तर त्यामागचा मज्जातंतु ताणला जाऊन कित्येक वर्षांनीं करंगळी व अनामिका बधिर होतात, याकडे पॅरिसच्या पानास यानें १८७८ सालींच लक्ष वेधलें होतें. आंतला वांक मात्र केवळ कुरूपता समजला गेला. १९५९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत फ्रेंच यानें (हा देशानें नव्हे, आडनांवानें फ्रेंच) त्यावर एक सोपी युक्ति प्रसिद्ध केली. कोपराच्या वर, बाहेरच्या अंगानें हाडाची पाचर काढावयाची. आंतली कड बिजागरीसारखी राखावयाची. कापाच्या वर व खालीं एकेक स्क्रू बसवून ते तारेनें एकत्र आवळावयाचे. पाचर किती मोठी हवी, हें दोन्ही हातांचीं क्ष-किरण चित्रें ताडून आधींच ठरतें.

पहिला दिलासा याच सुमारास ढांसळला. दंडाच्या हाडाची सुमारें ८० टक्के वाढ खांद्याकडील टोंकास होते, कोपराकडील टोंकास अवघी २० टक्के. तेव्हां खांद्याजवळचा वांक वाढीबरोबर पुष्कळसा भरून निघतो, कोपराजवळचा तसाच राहतो. हा वांक वाढ खुंटल्यानें येतो, असेंही पुष्कळांस वाटे. तो बहुधा तुकडा कललेला जुळल्यानेंच येतो, हें स्मिथ यानें १९६० सालीं मांडलें. दोष मुलाच्या वाढीचा नव्हता, बसविणाऱ्या हाताचा होता.

दुसरा दिलासा टिकला तो २००१ पर्यंत. त्या वर्षीं ओड्रिस्कॉल व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, आंतल्या वांकामुळें दंडामागच्या स्नायूची ओढ सरकते, कोपराच्या बाहेरील अस्थिबंध हळूहळू ताणला जातो, आणि वीस-तीस वर्षांनीं सांधा निसटूं लागतो. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठतांना चाळिशींतला मनुष्य दचकतो. लहानपणींच्या त्या पडण्याची त्याला आठवणही नसते.

म्हणून प्रत्येक वांकड्या हातावर शस्त्र चालवावें, असें आम्ही म्हणत नाहीं. वांक थोडा असेल तर कोणी हात लावीत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर कोपर आंखडण्याचें, मज्जातंतूस इजा होण्याचें व वांक परत येण्याचें भय असतेंच. सरकलेलें ताजें हाड क्ष-किरणांखालीं नीट बसवून कातडीतून दोन-तीन तारा घातल्या, तर पाचरीची गरजच बहुधा पडत नाहीं. त्या तारा तीन-चार आठवड्यांनीं काढतात. आणि पाचर काढावी लागलीच, तर सरळ झालेल्या हाताच्या बाहेरच्या अंगास हाडाचा एक उंचवटा पुष्कळदां राहतो. त्याची कल्पना जाणते शस्त्रवैद्य आईस आधींच देऊन ठेवतात.