रोमनं ‘नाही’ म्हटलं. आपण?

गेल्या दिवाळीत अकोल्याला मावशीकडे गेलो होतो. पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला, तर दह्याच्या पातेल्यामागे फडक्यात गुंडाळलेला एक डबा. मावसबहीण, म्हणजे आमची ताई, धावत आली. “त्याले हात नको लावू.” आत आयव्हीएफची इंजेक्शनं होती, रोज रात्री नऊला पोटावर घ्यायची. तिच्या नवऱ्याला माहीत, मावशीला माहीत आणि आता मला. सासरी, अमरावतीला, थायरॉइडचा उपचार चालू आहे असं सांगितलेलं. सासूबाईंनी मुलासाठी बोललेला नवस मात्र अख्ख्या गल्लीला ठाऊक. नवस चारचौघांत आणि इंजेक्शन दह्यामागे.

पुण्याला परतल्यावर मी वाचायला लागलो. या उपचाराला धर्मानं कधीतरी कडकडून विरोध केला असणार, त्याचंच हे भय असेल, असं वाटत होतं. विरोध सापडला, पण तो रोमचा.

25 जुलै 1978 ला इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली, जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ. तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल असलेले अल्बिनो लुचानी यांनी बाळाला शुभेच्छा दिल्या आणि तिच्या आईवडिलांना दोष द्यायला नकार दिला. महिनाभरात तेच पोप झाले, पण 33 दिवसांत वारले. पुढे 22 फेब्रुवारी 1987 ला व्हॅटिकननं ‘डोनुम विते’ नावाचा दस्तऐवज काढून आयव्हीएफला स्पष्ट नकार दिला. कारणं दोन. मूल नवरा-बायकोच्या मीलनातूनच यावं, प्रयोगशाळेतून नाही. आणि फलित झालेला गर्भ पहिल्या क्षणापासून माणूसच, तेव्हा उरलेले गर्भ टाकून देणं म्हणजे जीव घेणं.

पटो न पटो, भूमिका लेखी होती. म्हणून तिच्याशी भांडता आलं. इटलीत 2004 मध्ये कायदा आला: एका वेळी तीनच गर्भ तयार करायचे, तिन्ही गर्भाशयात सोडायचे, गोठवायचे नाहीत, दात्याचं बीज वापरायचं नाही. 2005 च्या जूनमध्ये त्यातली कलमं रद्द करण्यासाठी सार्वमत झालं. मतदानालाच जाऊ नका, असं चर्चनं सांगितलं. निम्मे मतदार यायला हवे होते, आले साधारण 26 टक्के. जोडपी स्पेनला जाऊ लागली, कोर्टात गेली. 2009 मध्ये तीन गर्भांची अट पडली आणि 2014 मध्ये दात्यावरची बंदी.

आपल्याकडे काय झालं? 1978 मध्येच कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दुर्गा नावाच्या बाळाचा दावा केला. तो फेटाळला सरकारी समितीनं, कुठल्या मठानं नाही. 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षाचा जन्म झाला आणि कौतुकच झालं. होणारच. गांधारीच्या मांसगोळ्यातून तुपाच्या कुंभांमध्ये वाढलेले कौरव आपण लहानपणापासून ऐकतो. देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या पोटी गेला, हेही. ‘आमच्याकडे हे आधीच होतं’ म्हणून छाती फुगवणारे फॉरवर्ड मला दर महिन्याला येतात. त्याच महाभारतात नियोगानं अंबिका-अंबालिकेला मुलं झाली, पिता व्यास, हे उघड लिहून ठेवलंय. व्यासांना पाहून अंबिकेनं भीतीनं डोळे मिटले, हेही लिहिलंय. फॉरवर्डमध्ये ते नसतं.

मग वऱ्हाडात या विषयावर उघड बोललं कोण? मला एकच मोठं नाव सापडलं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला 1876 मध्ये जन्मलेले डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. नवसानं मुलं होत असती तर नवरा कशाला लागला असता, हा तुकोबांचा सवाल ते कीर्तनात घेत आणि समोरच्या माणसांकडूनच उत्तर वदवून घेत. देवासमोर बोकड कापायला त्यांचा कडवा विरोध. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाची पंगत अपेक्षित होती, त्यांनी गोड जेवण वाढलं. मूलबाळाच्या गोष्टीवर भर मैदानात असं बोलणारा माणूस आमच्याच मातीतला, आणि अमरावतीत त्याच्या समाधीजवळून जाऊन आम्ही नवस फेडतो!

बाबा 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ गेले. दुसऱ्याच दिवशी, 21 डिसेंबरला, हिंदू दत्तक कायदा लागू झाला. निव्वळ योगायोग, पण मी तारखा दोनदा तपासल्या. तोवर दत्तक म्हणजे मुलगाच, कारण पिंडदान त्यानंच करायचं. या कायद्यानं मुलगीही रीतसर दत्तक घेता येऊ लागली. निपुत्रिक बाईला घरात जे ऐकावं लागतं, त्याच्या मुळाशी हा पिंड आहे, असं मला वाटतं. आयव्हीएफला आपला धर्म ‘नाही’ म्हणत नाही. तो फक्त ‘मुलगा कधी?’ विचारतो, तेही स्वयंपाकघरात, आणि बाईलाच. नवऱ्याची तपासणी ताईच्या घरी दोन वर्षांनी झाली.

उपचारांसाठीचा आपला कायदा आला 2021 मध्ये, हर्षाच्या जन्मानंतर 35 वर्षांनी. बाईला वयाची 50 वर्षांची मर्यादा, पुरुषाला 55. बीजदात्याची ओळख गुप्त. मुलाला पुढे काय सांगायचं, यावर मात्र ना कीर्तन ना प्रवचन.

आमच्या कामात एरर दाखवून थांबणारा प्रोग्राम परवडतो. काहीच न सांगता चुकीचं उत्तर देणारा रात्र रात्र जागवतो. हे मी ताईला फोनवर सांगत होतो. तिनं मधेच तोडलं. “त्या इटलीतल्या बायांले निदान कोन नाई म्हनते हे तं ठाऊक होतं. मले कोनीच नाई म्हनत नाई, आन् कोनाले सांगताबी येत नाई.”

मग मी तिला बारशाची गोष्ट सांगितली. तिला ती माहीत नव्हती. हसली, म्हणाली, “सासूबाईंले सांगून पाहू काय, बोकडाऐवजी बुंदी?” तेवढ्यात नऊचा अलार्म वाजला. “थांब, दार लावते,” म्हणाली, आणि फोन ठेवला.