झेरॉक्सच्या दुकानावरचा खटला आणि विद्यार्थ्यांचा हक्क

महागडी संदर्भपुस्तके विकत घेणे आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना परवडत नाही. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल आपण सर्वांनी समजून घेतला पाहिजे.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे झेरॉक्सचे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमलेली वेगवेगळ्या पुस्तकांतील प्रकरणे झेरॉक्स करून, एकत्र बांधून तेथे विद्यार्थ्यांना मिळत. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान व विद्यापीठ या दोघांविरुद्ध कॉपीराइटभंगाचा दावा लावला. विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या संघटनाही बाजू मांडायला न्यायालयात उभ्या राहिल्या.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा नैसर्गिक किंवा दैवी हक्क नाही. समाजात ज्ञान वाढावे म्हणून कायद्याने दिलेला तो मर्यादित हक्क आहे, असे त्यांच्या निकालाचे सार आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(आय) नुसार शिक्षक किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत हा गुन्हा ठरत नाही. ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेणे चालते, तर यंत्राने प्रत काढली म्हणून ते बेकायदा कसे होईल, हा न्यायालयाचा युक्तिवाद होता.

प्रकाशक अपिलात गेले. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने ही सवलत कायम ठेवली. पानांची संख्या हा निकष नाही. शिकवण्यासाठी तेवढा मजकूर आवश्यक होता का, हे पाहावे, असे सांगून त्या मुद्द्यापुरते प्रकरण परत पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

या निकालाचा अर्थ मात्र नीट घ्यावा. अख्ख्या पुस्तकाच्या चोरट्या आवृत्त्या छापून बाजारात विकण्याला तो परवानगी देत नाही. लेखकाच्या कष्टाचे मोल राहिलेच पाहिजे.

याच कायद्यात कॉपीराइटला मुदतही आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी तो संपतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांवरील कॉपीराइट त्यामुळे २०१६ अखेर संपला.

घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात पोचलेल्या मुलामुलींनी नेमलेल्या प्रकरणांची झेरॉक्स काढताना अपराधी वाटून घेऊ नये. ती सवलत कायद्यातच लिहिलेली आहे.