वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय

मुंबई शहराच्या भायखळा भागातील सार्वजनिक वनस्पतिउद्यान व प्राणिसंग्रहालय. क्षेत्रफळ सु. २१ हेक्टर. मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. १९६९ मध्ये त्यास सध्याचे नाव देण्यात आले. तथापि लोकांच्या बोलण्यात ते ‘राणीची बाग’ म्हणूनच राहिले आहे. ती राणी कोण, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. उद्यानाची व्यवस्था मुंबई महानगरपालिकेकडे आहे. करोना साथीमुळे २०२०–२१ हे वर्ष बहुतांशी प्रेक्षकांवाचून गेले. अशा संस्थेचा कारभार नेमका कशावर चालतो, हे त्या वर्षी एरवीपेक्षा अधिक स्पष्ट झाले.

पश्चिम भारतातील कृषि-उद्यान संस्थेची एक बाग शिवडी येथे होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेल्यावर भायखळ्याची जमीन नव्या बागेसाठी मिळाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. जॉर्ज बर्डवुड यांचा या उपक्रमाशी निकटचा संबंध होता. लगतचे वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले. त्यास १९७५ मध्ये भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. घारापुरी बेटाला ज्यावरून ‘एलिफंटा’ हे नाव पडले, तो पाषाणाचा हत्तीही याच आवारात आहे. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेच्या ताब्यात आली. प्राणिसंग्रहालयासाठी सु. १८९० मध्ये आणखी जमीन जोडण्यात आली. म्हणजे येथे झाडे आधी आली आणि पिंजरे मागाहून. हा क्रम ध्यानी न घेतल्यास पुढील काळातील वाद नीट उमगत नाहीत.

वनस्पतींच्या दृष्टीने ही बाग असामान्य आहे. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच, ब्रह्मदेशातील उर्वशी, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती, तसेच सीता-अशोक आणि ताडवर्गीय वृक्षांच्या अनेक जाती येथे जोपासल्या गेल्या. हिवाळ्याच्या अखेरीस उर्वशीचे लाल-पिवळे तुरे लोंबू लागतात. कैलासपतीची फुले थेट खोडावर येतात. गोरखचिंच कोरड्या ऋतूत निष्पर्ण होते आणि पावसाच्या चाहुलीबरोबर पालवते. दाट वस्तीच्या मध्य मुंबईत इतकी सलग सावली अन्यत्र क्वचितच आढळेल.

सामान्य वर्षाची रूपरेषा ठरलेली असते. दर बुधवारी उद्यान बंद राहते. आठवड्यातून निदान एक दिवस प्राण्यांना गर्दीपासून विसावा मिळावा, असा केंद्रीय नियमच आहे. मे महिन्याची सुटी, दिवाळी व नाताळ हे गर्दीचे काळ. मीरा-भाईंदर वा वसई-विरार यांसारख्या वाढत्या शहरांना स्वतःचे प्राणिसंग्रहालय नसल्याने तेथील कुटुंबे पश्चिम रेल्वेने दादरला येऊन, गाडी बदलून भायखळा गाठतात. पावसाळ्यापूर्वी धोक्याच्या फांद्या उतरविणे, उन्हाळ्यात प्राण्यांसाठी पाण्याचे फवारे व गारव्याची सोय करणे, हिवाळ्याच्या अखेरीस फुलाफळांचे प्रदर्शन भरविणे, ही कामे वर्षानुवर्षे चालतात. मार्चअखेर सर्व प्राण्यांची मोजदाद करून ती केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणास कळवावी लागते. हे प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले.

साथीच्या आधीची काही वर्षे मोठ्या फेरबदलांची होती. जुने पिंजरे अपुरे व अयोग्य होते, याविषयी दुमत नव्हते; परंतु नूतनीकरणाच्या पहिल्या भव्य आराखड्याने जुन्या वृक्षराजीस धोका पोहोचेल, असा आक्षेप नागरिकांनी घेतला. वारसा समितीनेही तो आराखडा मान्य केला नाही व त्यास मुरड घालावी लागली. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. त्यांपैकी एक त्याच वर्षी दगावला. मार्च २०१७ मध्ये त्यांचे दालन खुले झाले. १ ऑगस्ट २०१७ पासून प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झाले; आईवडील व दोन मुलांच्या कुटुंबास १०० रुपये ठेवण्यात आले. गिरणगावच्या कष्टकरी वस्तीला लागून असलेल्या बागेसाठी ही वाढ लहान नव्हती.

फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) सिद्धार्थ उद्यानातून शक्ती व करिश्मा ही वाघांची जोडी आली. त्यांना येऊन जेमतेम महिना होतो तोच, मार्चच्या मध्यास, साथीमुळे उद्यान बंद झाले. एप्रिलच्या आरंभी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील एका वाघिणीस करोनाची लागण झाल्याचे जाहीर झाले. ती माणसाकडून झाली असावी, असे मानले गेले. लगेच केंद्रीय प्राधिकरणाने देशातील सर्व प्राणिसंग्रहालयांना प्राण्यांवर अहोरात्र लक्ष ठेवण्याचे व संरक्षक साधनांवाचून त्यांच्याजवळ न जाण्याचे आदेश दिले. एरवी कठडा असतो तो माणसाच्या रक्षणासाठी. त्या वर्षी रक्षण करायचे होते ते माणसापासून. ही भीती अनाठायी नव्हती. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातील आठ आशियाई सिंहांस लागण झाल्याचे आढळले.

दारावरचे उत्पन्न थांबले, तरी खर्च थांबणारा नव्हता. वाघास मांस, पेंग्विनास मासे, हत्तीस चारा रोज लागतच होता. हम्बोल्ट पेंग्विनांचे मूळ घर पेरू व चिलीचा थंड सागरप्रवाहाचा किनारा. मुंबईच्या उकाड्यात त्यांच्या दालनातील शीतयंत्रणा तासभरही बंद ठेवता येत नाही. कारखाना बंद ठेवता येतो, नाट्यगृहास कुलूप लावता येते. प्राणिसंग्रहालयास केवळ बाहेरचे दार लावता येते. रखवालदार, पशुवैद्य व माळी यांना टाळेबंदीतही कामापासून सुटका नव्हती. याच अवधीत जून २०२० चे ‘निसर्ग’ व मे २०२१ चे ‘तौक्ते’ ही चक्रीवादळे मुंबईजवळून गेली. विशेषतः दुसऱ्या वादळात शहरातील असंख्य झाडे उन्मळली.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी उद्यान पुन्हा खुले झाले. परंतु दुसऱ्या लाटेमुळे एप्रिलच्या आरंभी ते पुन्हा बंद करावे लागले. पुढे १ नोव्हेंबर २०२१ पर्यंत दार उघडले नाही. अशा रीतीने साडेएकोणीस महिन्यांपैकी केवळ सु. सात आठवडे प्रेक्षकांस प्रवेश मिळाला. या दुसऱ्या बंद काळात, मे व ऑगस्टमध्ये, पेंग्विनांची दोन पिल्ले जन्मली व जगली. २०१८ मध्ये जन्मलेले पहिले पिल्लू काही दिवसांतच मृत्यू पावले होते, हे पाहता त्या घटनेचे महत्त्व कळते. नोव्हेंबरमध्ये करिश्मा वाघिणीस मादी बछडा झाला. तिचे नाव ‘वीरा’ ठेवण्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे उद्यान आणखी एक महिना बंद राहिले व फेब्रुवारीत ते पुन्हा खुले झाले.