कोलूच्या पायथ्याची आगगाडी

तिरुवैयारुला रेल्वे स्टेशन नाही. तंजावरला उतरायचं, बस पकडायची आणि वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी असे एकामागून एक पूल ओलांडत कावेरीच्या काठी पोचायचं. संगीतकार त्यागराजांच्या समाधीला येणारी माणसंही अशीच येतात. पण नवरात्रात नऊ दिवस या गावात आगगाडी धावते. मी पाहिली ती एका तंजावरी मराठी घरात, कोलूच्या पायथ्याशी. स्टेशनची पिवळी पाटीसुद्धा होती, पुठ्ठ्याची. तिच्यावर काळ्या तमिळ अक्षरांत गावाचंच नाव.

कोलू म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची आरास. तीन, पाच, सात, नऊ अशा विषम पायऱ्या, त्यांच्यावर पांढरं वेष्टीचं कापड. वर कलश आणि देव, त्यांच्याखाली संतमंडळी, मग लग्नाची वरात, आणि खाली दुकान मांडून बसलेले स्थूल शेठजी-शेठाणी. त्यांच्यासमोर खऱ्या डाळ-तांदळाच्या चिमूटभर राशी. लाकडी मरप्पाची जोडप्याला मान वेगळा, ते पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं. पायऱ्यांना असं शास्त्र आहे. शेवटची पायरी संपली की जमीन लागते आणि शास्त्रही संपतं. तिथे बाग. चार दिवस आधीच माती पसरून पेरलेली नाचणी आणि मोहरी, तळ्याच्या जागी आरसा, गाईच्या शेजारी जिराफ. आगगाडी घरात शिरली ती इथून. जिथे कोणी विचारत नाही, तिथून.

आपल्याकडचा दिवाळीतला किल्ला आठवून पाहा. वर सिंहासनावर महाराज, उतारावर मावळे, पायथ्याशी अळीव उगवलेली शेतं, आणि त्या शेतांतून बोगद्याकडे जाणारी गाडी. वर कोणी विमानही टांगलेलं असतं. इतिहासाच्या मास्तरांना घाम फुटेल, पण पोरांना नाही. तंजावरचा कोलू आणि पुण्याचा किल्ला यांचं नातं सिद्ध करायला माझ्याकडे कागद नाही. तरी घराणं एकच वाटतं, कारण दोन्ही मुळात दरबार आहेत. ‘कोलू’ या तमिळ शब्दाचा अर्थच राजाने दरबारात बसणं. तेलुगूत तो ‘कोलुवु’. तंजावरला भोसल्यांच्या आधी तेलुगू नायकांचं राज्य होतं, तेव्हा हा शब्द वाड्यात ऐकू येत असणारच. मराठे आले ते १६७०च्या दशकात, व्यंकोजींबरोबर.

खरा दरबार उठला १८५५ साली. तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले, ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केलं. राणी कामाक्षीबाईंचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९मध्ये फेटाळला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६१ला, नागपट्टणमहून तंजावरपर्यंत ग्रेट सदर्न ऑफ इंडिया कंपनीची गाडी सुरू झाली. पुढच्या वर्षी ती तिरुचिरापल्लीला पोचली. आधी ब्रॉडगेज होती. १८७५मध्ये रूळ उखडून मीटरगेज केली.

रुळांची ही रुंदी छोट्या गाड्या करणाऱ्या छंदवाल्यांच्या डोक्याला ताप आहे. सर्रास चालणारं प्रमाण १:८७. त्याचे तयार रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे, कारण युरोपातली खरी रुंदी १४३५ मिलिमीटर. आपलं ब्रॉडगेज १६७६चं, त्याला १९ मिलिमीटरच्या वर हवेत. मीटरगेजला साडेअकरा. म्हणजे तंजावरची गाडी प्रामाणिकपणे करायची तर १८६१चीही त्या रुळांवर बसत नाही आणि १८७५चीही. कोलूत ही अडचण नाही. तिथे शेठाणी स्टेशनपेक्षा उंच असते.

खेळण्यातली गाडी आधीपासूनच होती, पण सुटी. ती ‘मांडायची’ वस्तू झाली जर्मनीत. १८९१मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मेर्क्लिन कंपनीने ठरावीक रुंदीचे, एकमेकांना जुळणारे रुळांचे तुकडे ठेवले. यंदा नुसतं वर्तुळ घ्या, पुढच्या वर्षी सरळ तुकडे, त्याच्या पुढच्या वर्षी सांधा. १९२०मध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबींनी किल्लीच्या गाड्या काढल्या, त्याही अशाच वाढवत नेण्याच्या. व्यापाराची ही युक्ती कोलूवाल्या घराला सांगायला नको. दर वर्षी निदान एक नवी बाहुली घ्यायचीच, हा तिथला रिवाज.

मराठी घरातल्या छोट्या गाड्यांत सर्वांत श्रीमंत गाडी ग्वाल्हेरची. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर शिंद्यांची चांदीची आगगाडी रुळांवरून फिरते, आणि तिच्या डब्यांतून पाहुण्यांपुढे ब्रँडी नि सिगार येतात. सुरई उचलली की गाडी थांबते. संस्थानकाळातले महाराज माधवराव शिंदे यांना गाड्यांचं वेडच. संस्थानात त्यांनी दोन फुटी रुळांची खरी रेल्वेही वाढवली. टेबलावरची गाडी मला मात्र कोलूतलीच वाटते. राजा बसलेला आहे आणि त्याच्यापुढून ती फेऱ्या मारते आहे.

पुण्यात चित्र पालटलं. भाऊ जोशींनी आयुष्यभराचा छंद मांडला त्या कोथरूडच्या संग्रहालयात, १ एप्रिल १९९८ला उघडलेल्या, राजाही नाही आणि देवही नाही. आहेत ते सिग्नल, सांधे, फलाट, उड्डाणपूल, आणि अंधार केल्यावर लागणारे दिवे. गाडीच मुख्य. दरबाराच्या पायथ्याशी आलेली पाहुणी इथे घरची मालकीण झाली. सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही, हे पाहताना पोरंही गप्प उभी राहतात.

तिरुवैयारुच्या घरात सिग्नल नव्हता, उतार होता. जुन्या घराची जमीन लाल, गुळगुळीत, आणि पावसाचं पाणी जावं म्हणून चौकाकडे किंचित झुकलेली. डोळ्यांना तो झुकाव दिसत नाही, गाडीला कळतो. एका बाजूने ती तुरुतुरु यायची, दुसऱ्या बाजूने कण्हत चढायची, आणि वळणाच्या दुसऱ्या जोडावर हमखास उलटायची. घरातल्या थोरल्या आजींनी जुन्या दिनदर्शिकेचं पान घेतलं, चार घड्या घातल्या, रुळाखाली सरकवलं. गाडी गेली. मग एक घडी उलगडली, पुन्हा सरकवलं. आता डबासुद्धा हलला नाही. रेल्वेचे लोक याच कामासाठी खडी ठोकतात. आजींनी हात पुसले, माझ्या पुढ्यात उकडलेल्या कडधान्याच्या सुंडलची वाटी नि केळीच्या पानाच्या तुकड्यावर अशोका ठेवला. मुगाचा हलवा, तुपाने चकचकीत, या गावाची खासियत. खाताना गाडीने अकरा फेऱ्या मारल्या. मी मोजल्या.

विजयादशमीच्या रात्री कोलूतली एक बाहुली आडवी करतात. म्हणजे दरबार झोपला. दुसऱ्या दिवशी बाहुल्या जुन्या सुती कापडात गुंडाळल्या जातात, देव आधी, शेठजी नंतर. गाडीखालचं पान अगदी शेवटी. नातवाने इंजिन पालथं केलं, पोटाचं झाकण उघडलं आणि दोन्ही सेल काढून घेतले. आत राहिले तर गळतात, आणि गाडी पुढच्या वर्षी चालत नाही.